गिऱ्हाईक न तुटणारी कंपनी

१२ जानेवारी २०२५

गोठ्याच्या जागेचा मालक आज सकाळी येऊन गेला. चहा घेतला, दोन पेढे खाल्ले, आत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गुडघ्याची चौकशी केली आणि मग सांगितलं, की दिवाळीनंतर तिथं अपार्टमेंट उभी राहणार, तेव्हा म्हशी हलवा. पेढे संपल्यावर सांगितलं, हे विशेष.

मामा, म्हणजे माझे सासरे केरबा, काही बोलले नाहीत. एरवी ते कुजबुजले तरी चौथ्या घराला ऐकू जातं. पाच म्हशी आहेत. रोज संध्याकाळी त्या दूध कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला त्याच्या हातात द्यायचा, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा धंदा आणि हाच त्यांचा दिमाख. गोठा लांब गेला तर कट्टा संपला, कारण म्हशी काही रिक्षाने येणार नाहीत.

माझा नवरा अमरसिंह शिरोलीच्या फौंड्रीतून दमून आला होता. म्हणाला, "बास करा म्हणावं आता आबांस्नी. वय झालं."

आत्ती भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कट्टा सुटला तर तुझा बा वरीसभर न्हाय जगायचा. मग बस तेच्या जागंवर अपार्टमेंट बघत."

मला ते खरं वाटलं. पेठेला लागून जागेचा एक तुकडा विकाऊ आहे. अकरावी-बारावीच्या अकौंटन्सीच्या क्लासमधून मी जे साठवलंय, त्यात तो निम्माच येईल. उरलेला निम्मा दिवाळीपर्यंत कुठून तरी उभा करायचा. अजून कोणाला बोलले नाही.

१९ जानेवारी

सापडलं बहुतेक. 'पेठवाणी' शेअर बाजारात येतेय.

पेठवाणी न बघणारं घर या शहरात कोणी शोधून दाखवावं. सकाळी आरती, दुपारी पाककृती, संध्याकाळी गावातल्या बातम्या आणि हंगामात तालीम-संघांच्या फुटबॉलचं थेट प्रक्षेपण. सामना सुरू असला की आमच्या गल्लीत कुत्रंही भुंकत नाही. आणि या सगळ्याच्या खाली अखंड सरकणारी पट्टी: अमक्या दवाखान्याकडून तमक्या साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

मी पोरांना नेहमी सांगते, नावाला भुलू नका, आधी आकडे वाचा, मग चपला झिजवा. म्हणून कंपनीचं जाडजूड माहितीपत्रक डोळे फुटेस्तोवर वाचलं. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती म्हणजे ताटातली चटणी. खरी भाकरी आहे 'सदिच्छा करार'. गावातली दुकानं, दवाखाने, क्लास, बिल्डर वर्षाचे पैसे एकदम भरतात आणि पट्टीवर कोणाला ना कोणाला शुभेच्छा देत राहतात. सहा वर्षांत करार मोडणारं गिऱ्हाईक एकच. एकच! माझ्याकडची पोरं तर सहामाहीचा निकाल लागला की दुसऱ्या क्लासला पळतात. गिऱ्हाईक तुटत नाही अशी कंपनी शोधा, बाकीचं आपोआप होतं, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलंय.

एक शंका आली. चष्म्याच्या दुकानदाराला आमदारांच्या वाढदिवसाचं एवढं काय कौतुक? पण हौसेला मोल नसतं, आणि कोल्हापूरकराच्या हौसेला तर नाहीच नाही.

२ फेब्रुवारी

चपला झिजवायला सुरुवात केली. पट्टीवर ज्यांची नावं दिसतात त्यांना गाठून सरळ विचारते.

चष्म्याच्या दुकानात विचारलं, "पेठवाणीवर समाधानी आहात का?" मालकांनी आधी आतलं गिऱ्हाईक वाटेला लावलं. मग म्हणाले, "लई समाधानी. आमची कायबी तक्रार न्हाय. लिवून घ्या तुमी, तक्रार न्हाय." माझा चष्मा काढून घेतला, पुसला, सैल झालेला स्क्रू घट्ट केला आणि पैसे घेतले नाहीत.

लहान मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंना विचारलं, पुढच्या वर्षी करार करणार का? त्या उभ्याच राहिल्या. "करणार की. कोण म्हणालं करणार नाही?"

मग शाहूपुरीत प्रसेनजीतकडे गेले. कॉलेजपासूनचा मित्र, त्याची रक्ततपासणीची लॅब आहे. मला पाहिलं की "आली ताळेबंदाची मावशी" म्हणून ओरडतो. आज ओरडला नाही. फोन टेबलाच्या खणात ठेवला, दार लावलं आणि म्हणाला, "चांगलं चॅनेल आहे."

"जाहिरातीचा फायदा होतो?"

"तोटा होत नाही."

बाकी काहीही विचारलं तरी हेच उत्तर. निघताना मात्र म्हणाला, "संयोगिता, हे तू स्वतःसाठीच विचारतेस नव्हं?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?"

तो हसला नाही. प्रसेनजीतही मितभाषी व्हायला लागला. चाळिशी कोणाला सोडत नाही.

९ फेब्रुवारी

करार मोडणारं ते एकमेव गिऱ्हाईक म्हणजे राजारामपुरीतली जयसिंग यांची बेकरी. आज जाऊन आले. शटर बंद, त्यावर भाड्याने देण्याचा बोर्ड, तोही जुना.

शेजारी वह्या-पेनांचं दुकान आहे. मालकाला विचारलं. त्याने रस्त्याकडे दोनदा बघितलं. बेकरीचा करार मार्चात संपला तो जयसिंगनी पुन्हा केला नाही. एप्रिलात पेठवाणीवर पावात अळ्या निघाल्याची बातमी आली. पावसाळ्याच्या तोंडाला शटर पडलं. जयसिंग आता इचलकरंजीला मेव्हण्याच्या यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितात.

म्हणजे मार्चातच त्यांची ओढाताण सुरू झाली असणार, म्हणून करार सोडला. बुडत्या धंद्यातला पहिला खर्च जाहिरातीचाच कापतात. पण मला कौतुक वाटलं ते चॅनेलचं. वर्षानुवर्षं पैसे देणाऱ्या माणसाचीही बातमी दाबली नाही. धंदा एकीकडे आणि बातमी एकीकडे, हे आजकाल कोण पाळतं?

मी चार पेनं घेतली. मालक पैसे घेईना. "न्हाय न्हाय, ऱ्हाऊ दे. फकस्त माझं नाव घेऊ नगा कुटं." पाहुणचार करावा तर आमच्या गावानं.

१६ फेब्रुवारी

आज पेठवाणीचे मालक राजवीरसाहेब स्वतः भेटले. मी फक्त ऑफिस बघायला वेळ मागितली होती. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, उठून खुर्ची दिली. माझ्याच वयाचे असतील. पांढरा शर्ट, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागतं.

"मॅडम, आमच्या एवढ्या गिऱ्हाइकांस्नी भेटलात. लई चांगलं काम केलंत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गाव आपलंच हाय की."

मग माहितीपत्रकावर बोललो. त्यांनी एकाही प्रश्नाला टाळाटाळ केली नाही. जाहिरात विभागाचा सम्राट नावाचा तरुण शेजारी बसून लिहून घेत होता. अमरसिंहने वीस वर्षांत माझं शेअरविषयीचं एक वाक्य पूर्ण ऐकलेलं नाही, आणि इथं कंपनीचा मालक माझं बोलणं लिहून घ्यायला लावतोय. मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

साहेब म्हणाले, "तुमच्या नजरंनं सांगा, वाढीला जागा कुटं राहिलीया?"

मी म्हणाले, "दूध कट्टा. तिथल्या एकाचंही नाव तुमच्या पट्टीवर नसतं."

"का बरं नसंल?"

"त्यांना गरज वाटत नाही. डोळ्यांसमोर धार, हातात पेला. लपवायचंच काही नाही, तर जाहिरात कसली?"

"कायबी न्हाय?" त्यांनी इतक्या आपुलकीने विचारलं, की मला मामांची थोरवी सांगितल्यावाचून राहवेना. मागच्या वर्षी आमच्या चंद्रीचं रेडकू गेलं. ती पान्हा सोडेना, कास दगडासारखी झाली. डॉक्टरांनी काही दिवस इंजेक्शन दिलं. तेवढे दिवस मामांनी तिला कट्ट्यावर नेलीच नाही. तिची धार काढायची आणि गटारात ओतायची. एक थेंब विकला नाही. घरच्यांशिवाय कोणाला हे माहीतसुद्धा नाही, असं त्या माणसाचं इमान.

साहेब गंभीर झाले. "अशी माणसं ऱ्हाइली न्हाईत." मग म्हणाले, "म्हशीचं नाव काय म्हणलात?"

जनावरांची आवड दिसते. दारापर्यंत सोडायला आले.

२४ फेब्रुवारी

सम्राटचा फोन. मी ज्यांना ज्यांना भेटले त्या सगळ्यांनी मुदत संपायच्या आतच पुढच्या वर्षाचे करार करून टाकले. "मॅडम, तुमचा पायगुण," म्हणाला. चष्मेवाल्यांनी तर दोन वर्षांचा केला. एवढा विश्वास मी कुठल्याच कंपनीत बघितलेला नाही.

५ मार्च

लाजेने मान खाली गेली. सम्राट कट्ट्यावर गेला होता. मामांना म्हणाला, वर्षाचा सदिच्छा करार करा, पट्टीवर नाव येईल. मामा धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "माज्या म्हशीस्नी कुणाच्या शुभेच्छा लागत न्हाईत. पावणं, बाजूला व्हा, शेपूट बसंल."

सम्राट म्हणाला, "विचार करा. सगळेच करतात."

"सगळी करत्यात म्हणून म्या मिशी कापू व्हय?"

कट्टा खो खो हसला. घरी येऊन मामांनी ते नकलेसह सांगितलं. आत्ती हसून हसून दमल्या. अमरसिंहसुद्धा हसला. मी हसले नाही. माणूस आपल्या दारी धंद्याचं बोलायला आला तर असं बोलावं का? मी मामांना तसं म्हटलंही.

"पोरी," मामा म्हणाले, "हसतमुखानं मागणारा माणूस आणि शिंगं खाली घातलेली म्हस, दोघांच्या म्होरं उभं ऱ्हाऊ नये."

रात्री सम्राटला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "काही नाही मॅडम, साहेबांनी मनावर घेतलेलं नाही." थोर माणसं आहेत.

१२ मार्च

अर्ज भरला. सगळी शिल्लक घातली. बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसले होते. आकडे चोख आहेत, गिऱ्हाइकं पक्की आहेत, मालक विनम्र आहे. मग छातीत धडधड कशाची? प्रसेनजीतला कळवलं की भरला. त्याने नुसता अंगठा पाठवला. बाकी कोणी काही विचारलं तर सांगायला माझ्याकडे तीस पानांची टिपणं आहेत. धडधडीला टिपणांत जागा नाही.

२५ मार्च

शेअर मिळाले, आणि आज पहिल्याच दिवशी भाव जवळजवळ दुप्पट! क्लासमध्ये पोरांना पेढे वाटले. आज विकले तरी तुकड्याचे पैसे जवळपास होतात. पण पाडव्याला पाच दिवस आहेत, थोडा धीर धरावा. मामांना पाडव्यानंतर एकदमच जागेवर नेऊन उभं करीन. त्यांचा चेहरा मला आत्ताच दिसतोय.

४ एप्रिल

संध्याकाळच्या बातम्यांत आमचा कट्टा. मामांचा चेहरा, धार काढतानाचा, कधी घेतला कोणाला ठाऊक. खाली लाल पट्टी: 'धारोष्ण दूध की विष?' कट्ट्यावरचे केरबा म्हशीला इंजेक्शन देऊन पान्हा सोडवतात, चंद्री नावाच्या म्हशीला अनेक दिवस इंजेक्शन दिल्याची माहिती 'त्यांच्या घरातल्याच व्यक्तीने' पेठवाणीला दिली आहे. मग त्याने लहान मुलांना काय काय होतं ते कोणी एक जण सांगत बसला.

मामा पाटावर बसून बघत होते. अमरसिंहने टीव्ही बंद केला. मामा म्हणाले, "लाव." पुन्हा लावला. शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "गटारात वतलं ते न्हाय सांगितलं."

मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. डॉक्टरच कुठं तरी बोलले असतील. किंवा औषधाच्या दुकानातून कळलं असेल. राजवीरसाहेबांना हे माहीत तरी असेल का? एवढ्या मोठ्या चॅनेलमध्ये रोज कोण कुठली बातमी लावतं, मालकाला काय पत्ता. उद्या फोन करते. गैरसमज असणार.

६ एप्रिल

फोन उचलत नाहीत.

आज मामांबरोबर कट्ट्यावर गेले. त्यांनी रोजच्यासारखी म्हैस उभी केली, कास धुतली, धार काढली, पेला पुढं धरला. कोणी घेतला नाही. वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं पलीकडच्या फुटपाथवरून मोबाईलमध्ये बघत चालली होती. मामा तो पेला स्वतः प्यायले. दुसरा भरला, तोही प्यायले. तिसरा भरला तेव्हा मी त्यांचा हात धरला.

शेजारी आदर्श, मामांच्या धाकट्या भावाचा मुलगा, त्याच्या म्हशीपाशी गर्दी होती. त्याचं नाव काल रात्री पेठवाणीच्या पट्टीवर आलं: सर्व ग्राहकांना पाडव्याच्या विलंबित शुभेच्छा. कट्ट्यावरच्या बाकी सगळ्यांचीही नावं येऊन गेली. आदर्शने आमच्याकडे बघितलं नाही.

१५ एप्रिल

कंपनीने बाजाराला कळवलंय की दुग्धव्यवसायातून नवे सदिच्छा करार मिळाले. भाव आणखी चढला. वाढीला जागा कुठे आहे, हे मी सांगितलं होतं. अगदी तिथेच वाढ झाली.

हे वाक्य लिहिलं आणि किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.

जयंतीच्या गडबडीत काल प्रसेनजीत सापडला नाही. आज लॅब बंद व्हायच्या वेळी गाठला. त्याने पुन्हा फोन खणात टाकला. मी म्हणाले, "प्रसेन, खरं सांग."

"आता विचारतेस?" तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी माझ्या एका रिपोर्टात चूक झाली. मी पेशंटला स्वतः फोन करून सांगितलं, दुरुस्त करून दिला. आठवड्याने सम्राट आला. हातात त्या रिपोर्टची झेरॉक्स, तोंडात शुभेच्छांचं पॅकेज. तेव्हापासून मी दरसाल कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाला आनंदी होतो."

"मला फेब्रुवारीत का नाही सांगितलंस?"

त्याने टेबलाचा खण नीट बंद आहे का बघितलं. "तू वही घेऊन आलीस. करार करणार का, समाधानी आहात का, असं विचारायला लागलीस. मला वाटलं, त्यांनीच तुला पाठवलंय. सगळ्यांनाच तसं वाटलं. चष्मेवाल्यांनी तर मला फोन केला, की आता बाईमाणूस फिरवायला लागलेत."

चष्मा, पेनं, मुदतीच्या आत झालेले करार. मी लोकांना घाबरवत गावभर फिरले आणि घरी येऊन त्यांच्या विश्वासाची टिपणं काढली. माझी मलाच किळस आली.

१७ एप्रिल

शेवटी पेठवाणीच्या ऑफिसातच जाऊन बसले. साहेबांनी तशीच उठून खुर्ची दिली.

"बातमीत खोटं काय हाय, सांगा. इंजेक्शन दिलतं का न्हाय?"

"ते दूध त्यांनी ओतून टाकलं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"त्यो भाग वेळंत बसला न्हाय."

मी म्हणाले, शेअर विकून टाकते, आणि गावाला सगळं सांगते. त्यांचा आवाज आणखी हळू झाला. मला पुढं वाकावं लागलं.

"मॅडम, घरातल्या माणसाचं नाव आमी बाहेर काढत न्हाय. आपल्या माणसाचं तर न्हाईच. तुमी भागधारक, म्हंजे आपल्याच. शेअर इकला की माणूस परका हुतो. मग बातमीदाराला इचारावं लागतं, बाबा, कोण व्हतं ते घरातलं?" चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "परवा लॅबवाल्यांकडं गेलतासा. बरं हाय नव्हं त्यांचं?"

पायऱ्या उतरताना गिऱ्हाईक का तुटत नाही ते कळलं. त्यासाठी माहितीपत्रक वाचायची गरज नव्हती.

प्रसेनजीतला इशारा दिला. घरात काही बोलले नाही. मामांसमोर उभं राहून सांगायचं धाडस माझ्यात नाही.

२७ एप्रिल

म्हशी गेल्या. वडगावच्या जनावरांच्या बाजारात नेल्या नाहीत, तिथं ओळखीचे भेटतील म्हणून. कोडोलीचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. चार चढल्या. चंद्री चढेना. मामांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी सांगितलं, मग चढली.

जेवताना अमरसिंह उसळला. "त्यो आदर्शच. तेलाच म्हाईत व्हतं. आपल्या गोठ्यात येऊन-जाऊन असायचा. बातमी आली तेच्या दुसऱ्याच रातीला तेचं नाव पट्टीवर! आज तेचं टाळकं फोडतो." ताट सारून उठला, कोपऱ्यातली काठी घेतली. आत्ती अडवायला गेल्या तर त्यांना ढकलून दारापाशी पोचला.

"बस खाली," मामा म्हणाले. "त्येनं न्हाय सांगितलं. मी सांगितलं."

अमरसिंह उंबऱ्यातच वळला.

"टपरीवर चा पीत बसलोतो. इमानाची फुशारकी मारायला गेलो. चंद्रीचं बोलून गेलो. ऐकणारा कोण, ठावं न्हवतं. घरातला म्हणजी मीच."

मामा बाहेर चहा पीत नाहीत. आयुष्यात नाही. आत्तींना हे माहीत, अमरसिंहला माहीत, पण रागात कोण आठवतं? अमरसिंहने काठी टाकली आणि बापाला बोलू नये ते बोलला. आत्ती म्हणाल्या, "पस्तीस वरसं ऱ्हायला गप, आणि आता तोंड उघाडलं?" आणि आत निघून गेल्या.

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. त्यावरूनच मला कळलं, की त्यांना कळलंय. कदाचित पहिल्या दिवसापासून.

मी तिथे बसले होते. बोलता आलं असतं. भात गिळत राहिले.

२ मे

आत्तींनी मामांशी बोलणं टाकलंय. जेवायला वाढत नाहीत. ताट पुढं ठेवतात आणि उठून जातात. मामा आपल्या हाताने घेतात, अर्धी भाकरी, पाण्याबरोबर. संध्याकाळची कट्ट्याची वेळ झाली की पायात वहाणा घालून दारात उभे राहतात आणि मग वहाणा काढून आत येतात. या आठवड्यात त्यांची मान किती बारीक झाली. आत्ती जानेवारीत बोलल्या होत्या ते मी रोज डोळ्यांनी बघतेय.

आज सकाळी सगळे शेअर विकले. तुकड्याचे पैसे पूर्ण जमले, वर काही उरलेही. दुपारी सम्राटचा फोन आला, मग पुन्हा आला. घेतला नाही. ते सांगणारच आहेत, तर त्यांच्या पट्टीवरून कळायच्या आत माझ्या तोंडून कळू दे, एवढंच ठरवलं. माझ्यात धाडस आलं असं नाही. मामांचं ते अर्धी भाकरी मोडणं मला बघवत नाही.

जेवायला बसलो तेव्हा सांगितलं. सगळं. वही घेऊन फिरले ते, केबिन, चहा, चंद्री. मामा मध्ये म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, झालं ते झालं." मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं.

अमरसिंह माझ्याकडे बघत राहिला, मग ताटावरून उठून बाहेर गेला. दार आपटलंसुद्धा नाही.

आत्तींनी विचारलं, "किती दिलं त्यांनी तुला? सांगितल्याचं?"

"काही नाही दिलं, आत्ती. मी पैशासाठी नाही सांगितलं. मामांचं कौतुक वाटलं म्हणून, सहज बोलून गेले."

"सहज?"

"हो."

"म्हंजे फुकट?" त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. मी त्यांना असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "आमच्या जल्माचं नाव फुकट देऊन आलीस व्हय गं? पैशे तरी घ्यायचं हुतंस की."

मग त्यांनी टोपलीतली भाकरी घेतली, मामांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या ताटात वाढली. वर दूध नव्हतं म्हणून नुसती तेल-चटणी वाढली. टोपली झाकून ठेवली. माझं ताट रिकामंच होतं.